विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकताना: बिघाड कुठे होतो आणि तो आधीच कसा टाळायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, एसएसडी ५१२ जीबीची आणि निम्मी रिकामी. विंडोज आहे तसे ठेवून शेजारी लिनक्स टाकायचे आहे. डेटा जाईल का, विंडोज उघडेनासे होईल का, आणि उद्या लिनक्स नको झाले तर सगळे पूर्ववत करता येईल का?

नीट तयारी केली तर डेटा जात नाही, विंडोज उघडत राहते आणि पूर्ववतही करता येते. मात्र ती तयारी समजून घेऊन करा, कारण बहुतेक लोक नको तिथे घाबरतात आणि सावध राहायच्या ठिकाणी घाई करतात. इन्स्टॉलरचे पडदे पाहून हात थरथरतात, पण डिस्क कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शनची की कुठे ठेवली आहे हे विचारले तर उत्तर नसते.

ड्युअल बूटमध्ये, म्हणजे एकाच मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवण्याच्या पद्धतीत, दोघी डिस्कच्या वेगवेगळ्या पार्टिशनवर (भागांवर) राहतात हे खरे. तरी चार गोष्टी दोघींत सामाईक असतात: डिस्क, डिस्कवरचे छोटेसे ईएफआय पार्टिशन (जिथे सिस्टिम सुरू करणारे बूटलोडर राहतात), मदरबोर्डवरचे फर्मवेअर (ज्याला आपण सवयीने अजून बायोस म्हणतो) आणि घड्याळ. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या ड्युअल बूटच्या मशीनमध्ये बिघाड बहुधा या चारांपैकीच एकात सापडतो. एक सिस्टिम सामाईक गोष्टीत काही बदलते आणि दुसरीला त्याचा पत्ता नसतो.

सुरू करण्याआधी एकदा विचार करा की ड्युअल बूट खरेच हवे आहे का. लिनक्सच्या आज्ञा शिकायच्या असतील, पायथन किंवा वेब सर्व्हरचे काम करायचे असेल, तर विंडोजमधलेच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) पुरते. डेस्कटॉप कसा दिसतो एवढेच पाहायचे असेल तर व्हर्च्युअल मशीन घ्या. लिनक्स रोज वापरायचे आहे, मशीनची पूर्ण ताकद आणि ग्राफिक्स कार्ड त्याला मिळायला हवे, पण एखादे सॉफ्टवेअर किंवा गेम विंडोजशिवाय चालत नाही, अशा वेळी ड्युअल बूट योग्य.

आता डिस्क. पहिले काम बॅकअपचे. फाइल्स बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि त्यातल्या दोन-चार दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

दुसरे काम एन्क्रिप्शनचे, आणि हल्ली सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या किंवा नव्याने सेटअप केलेल्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले की डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुतेक वेळा आपोआप सुरू होते. होम आवृत्तीतसुद्धा. वापरणाऱ्याला वाटत असते की आपण बिटलॉकर (विंडोजचे डिस्क एन्क्रिप्शन) कधी लावलेच नाही. मग तो फर्मवेअरमध्ये एखादे सेटिंग बदलतो, मशीन सुरू करतो आणि समोर निळा पडदा येतो: ४८ अंकी रिकव्हरी की टाका. की नसेल तर डेटा गेला. तिथे कुठल्याही तंत्रज्ञाचे काही चालत नाही. म्हणून आजच सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर सुरू आहे का ते बघा. असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन की शोधा, कागदावर उतरवा आणि तिच्यासोबत दिलेला की आयडी आपल्याच मशीनचा आहे ना, हे पडताळा. एकाच खात्यात दोन-तीन मशीनच्या की असतात आणि ऐनवेळी भलतीच हाती लागते.

एन्क्रिप्शन बंद करायचे की ठेवायचे? लॅपटॉप घेऊन फिरत असाल तर ते ठेवावे असे माझे मत आहे. विंडोजमधूनच सी ड्राइव्ह लहान करायला बिटलॉकरची आडकाठी नसते. फक्त फर्मवेअरला हात लावण्याआधी ते सस्पेंड (तात्पुरते स्थगित) करा. उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकाराचे इन्स्टॉलर मात्र बिटलॉकर दिसल्यावर पुढे जायला नकार देऊ शकते. तसे झाले तर तात्पुरते पूर्ण डिक्रिप्ट करा. वेळ लागतो, त्या काळात चार्जर लावून ठेवा. की हाती नसताना मात्र एकही पाऊल पुढे टाकू नका.

तिसरे काम फास्ट स्टार्टअप बंद करणे. विंडोज ८पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणे राहिलेले नाही. विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. त्यामुळे सी ड्राइव्ह अर्धवट उघड्या वहीसारखा राहतो. मध्येच लिनक्सने त्यात काही लिहिले तर विंडोजच्या मनात एक आणि डिस्कवर दुसरेच, अशी स्थिती होते आणि फाइल्स खराब होतात. लिनक्स असे पार्टिशन ओळखते आणि लिहायला नकार देते. 'माझा डी ड्राइव्ह लिनक्समध्ये फक्त वाचता येतो' या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच असते. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणाने काय करावे त्या पानावर फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. एसएसडीवर यामुळे सुरू व्हायला लागणारा जादा वेळ जाणवतही नाही. हायबरनेटचेही तसेच: एक सिस्टिम हायबरनेट करून दुसरी सुरू करायची नाही, कधीच नाही.

मग जागा मोकळी करायची. हे काम लिनक्सच्या इन्स्टॉलरवर सोपवू नका; विंडोजचे पार्टिशन विंडोजनेच लहान करावे. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी वर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. ५१२ जीबीच्या डिस्कवर मी लिनक्सला १०० ते १५० जीबी देतो. उबुंटू २५ जीबीतही बसते, पण ॲप्स, अपडेट आणि स्वतःच्या फाइल्स आल्या की तेवढ्यात जीव गुदमरतो, आणि नंतर जागा वाढवणे हे आत्ता देण्यापेक्षा कितीतरी किचकट. इथे पुष्कळांना एक गोष्ट चक्रावते: २५० जीबी रिकामे दिसत असताना विंडोज फक्त वीस-तीस जीबी मोकळे करायला तयार होते. कारण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि सिस्टिम रिस्टोअरचा साठा अशा हलवता न येणाऱ्या फाइल्स डिस्कच्या मधोमध बसलेल्या असतात. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरते बंद करा, रिस्टार्ट करा, मग श्रिंक करा आणि नंतर पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन पुन्हा सुरू करा. मोकळी झालेली जागा 'अनअलोकेटेड' म्हणून तशीच राहू द्या. तिला फॉरमॅट करून नवा ड्राइव्ह बनवू नका.

आता फर्मवेअर. रन बॉक्समध्ये एमएसइन्फो३२ (msinfo32) टाइप करून सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि 'बायोस मोड' समोर काय लिहिले आहे ते वाचा. गेल्या दहा वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या मशीनवर यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेले फर्मवेअर) दिसेल, आणि विंडोज ११ अधिकृतपणे त्यावरच चालते. लेगसी दिसले तर मशीन जुने आहे, डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे आणि तिच्यावर चारच प्रायमरी पार्टिशन बसतात. तिथली गणिते वेगळी, ती या उत्तरात घेत नाही. महत्त्वाचे इतकेच की विंडोज ज्या मोडमध्ये आहे त्याच मोडमध्ये लिनक्सचा पेनड्राइव्ह सुरू व्हायला हवा. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे यूईएफआय लिहून. यूईएफआयवालाच निवडा. चुकीचा निवडला तर लिनक्स बसते खरे, पण दोन सिस्टिम एकमेकींना दिसत नाहीत आणि पुढे दिवसभर डोके खाजवत बसावे लागते.

सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर सुरू होऊ न देणारे फर्मवेअरचे सेटिंग) आधी बंद करा, असा सल्ला जिथे तिथे मिळतो. तो जुना झाला. उबुंटू, फेडोरा, डेबियन, लिनक्स मिंट हे सगळे सिक्युअर बूट सुरू असताना चालतात, कारण त्यांचा 'शिम' नावाचा छोटा बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो. सुरूच ठेवा. एक प्रसंग मात्र ध्यानात ठेवा. एनव्हिडियाचे किंवा काही वायफायचे ड्रायव्हर बाहेरून बसवायचे असतील तर इन्स्टॉलर तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगते. पुढच्या रिस्टार्टला निळ्या पडद्यावर एमओके (मशीनच्या मालकाने मान्य केलेली की) मॅनेजमेंटसाठी कुठलेही बटण दाबा असे येते आणि दहा सेकंदांची मोजणी सुरू होते. बटण दाबा, 'एन्रोल एमओके' निवडा, तोच पासवर्ड द्या. काही तरी घोटाळा झाला असे समजून लोक हा पडदा जाऊ देतात, आणि मग ग्राफिक्स का चालत नाही म्हणून पुन्हा पुन्हा ड्रायव्हर टाकत बसतात.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. रूफस किंवा बलेनाएचरने लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉलेशनची) फाइल त्यावर लिहा, आणि लिहिण्याआधी तिचा चेकसम (फाइल अखंड उतरली का हे सांगणारा आकडा) जुळवा. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉलेशन ऐन मध्यावर थांबते. पहिल्यांदाच लिनक्स वापरत असाल तर मी लिनक्स मिंट किंवा उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती सुचवेन. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर लगेच इन्स्टॉल दाबू नका. आधी 'ट्राय' निवडून वायफाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा आणि झाकण मिटून परत उघडल्यावर मशीन जागे होते का, हे सगळे तपासा. इथे जे चालत नाही ते इन्स्टॉल केल्यावरही सहसा चालत नाही.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर कारण एकच असते: फर्मवेअरमध्ये स्टोरेजचा मोड आरएसटी (RST) किंवा रेड (RAID) असा लावलेला असतो. तो एएचसीआय करावा लागतो, पण थेट बदललात तर विंडोज सुरू होणार नाही. त्यासाठी आधी बिटलॉकर सस्पेंड करा, विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग (msconfig) उघडून पुढचे बूट सेफ मोडमध्ये होईल असे ठेवा, रिस्टार्ट करून फर्मवेअरमध्ये मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या आणि मग ती खूण काढा. सेफ मोडमध्ये विंडोज योग्य ड्रायव्हर स्वतः उचलते. खात्याचा पासवर्ड आधी आठवून ठेवा, कारण तिथे पिन चालेलच असे नाही.

प्रत्यक्ष इन्स्टॉलेशनमध्ये जपायचा पडदा एकच, पार्टिशनचा. तिथे 'विंडोजच्या शेजारी बसवा' असा पर्याय येतो, आणि तुम्ही जागा आधीच मोकळी करून ठेवली असेल तर तो बहुतेक वेळा बरोबर काम करतो. तरी मी हाताने करण्याचा पर्याय घेतो, कारण काय होणार आहे ते डोळ्यांसमोर राहते. यादीत साधारण असे दिसेल: पहिले १०० किंवा २६० एमबीचे फॅट३२ पार्टिशन, तेच ईएफआय, मग मायक्रोसॉफ्टचे १६ एमबीचे राखीव पार्टिशन, मग मोठे एनटीएफएस, तो तुमचा सी, त्याच्यापुढे 'फ्री स्पेस', आणि शेवटी काहीशे एमबीचे किंवा जास्तीचे रिकव्हरी. तुमचा व्यवहार फक्त फ्री स्पेसशी. तिथे ईएक्सटी४ (ext4) या लिनक्सच्या प्रकारचे एक पार्टिशन करा आणि माउंट पॉइंट म्हणून नुसती तिरपी रेघ, म्हणजे रूट, द्या. स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेसाठी) वेगळे पार्टिशन आता लागत नाही. उबुंटू आणि मिंट स्वॅप फाइल स्वतः करतात. ईएफआय पार्टिशन निवडून त्याचा वापर 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' असाच ठेवा, पण त्याच्यासमोर फॉरमॅटची खूण असेल तर ती काढा. विंडोजचा बूटलोडर तिथेच राहतो. ते फॉरमॅट झाले की डेटा शाबूत असूनही विंडोज उघडणार नाही. 'इन्स्टॉल नाऊ' दाबल्यावर बदलांची यादी दाखवणारी खिडकी येते. ती सावकाश वाचा: फॉरमॅट होणाऱ्यांत फक्त नवे पार्टिशन असायला हवे. दुसरे कुठलेही नाव दिसले तर मागे फिरा, तोवर डिस्कवर काहीही लिहिलेले नसते.

१०० एमबीचे ईएफआय पार्टिशन पुरेल का, असे बरेच जण विचारतात. उबुंटू आणि मिंटला पुरते, कारण तिथे फक्त शिम आणि ग्रब (कुठली सिस्टिम सुरू करायची हे विचारणारा लिनक्सचा बूटलोडर) बसतात, कर्नल (सिस्टिमचा गाभा) रूट पार्टिशनवर राहतात. पॉप ओएससारखी सिस्टिम कर्नलच ईएफआयवर ठेवते. तिला बरेच मोठे लागते.

मशीनमध्ये दुसऱ्या एसएसडीची जागा असेल तर हे सगळे सोडून लिनक्स तिच्यावरच टाका. माझ्या मते ड्युअल बूटची ही सगळ्यात सुखाची मांडणी आहे. फक्त इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून ठेवा किंवा फर्मवेअरमधून बंद करा. कारण दुसरी डिस्क निवडली तरी उबुंटूचे जुने इन्स्टॉलर बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएफआयवर नेऊन ठेवत असे, आणि मग विंडोजची डिस्क बदलली की लिनक्सही उघडत नसे. वेगळे केले तर प्रत्येक डिस्क आपापल्या पायावर उभी राहते.

इन्स्टॉल झाल्यावर सहसा ग्रबचा मेनू येतो. त्यात विंडोज दिसत नसेल तर घाबरू नका. २०२१च्या ग्रब २.०६पासून शेजारच्या सिस्टिमचा शोध सुरक्षेच्या कारणाने मुळात बंद ठेवला आहे. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ओएस-प्रोबरची (शेजारची सिस्टिम शोधणाऱ्या प्रोग्रामची) 'डिसेबल' असे नाव असलेली ओळ (GRUB_DISABLE_OS_PROBER) 'फॉल्स' करा आणि ग्रब अपडेट करा. उलट मेनूच न येता थेट विंडोज उघडत असेल तर फर्मवेअरमध्ये बूट ऑर्डरमध्ये उबुंटू वर आणा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हे अधूनमधून घडते. लिनक्स कुठेही गेलेले नसते, फक्त रांगेत मागे ढकललेले असते.

बिटलॉकर सुरू ठेवले असेल तर आणखी एक सवय लावा. ग्रबमधून विंडोज उघडले की बूटची साखळी बदललेली दिसते आणि बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकते. फर्मवेअरच्या बूट मेनूतून (एफ१२, एफ९, एफ११ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे) थेट विंडोज बूट मॅनेजर निवडला तर सहसा मागत नाही.

सिक्युअर बूटच्या बाजूनेही अपडेटचा फटका बसू शकतो. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटने जुन्या शिमवर बंदी घालणारी यादी फर्मवेअरमध्ये लिहिली. ड्युअल बूटच्या मशीनना ती लागू होणार नाही असे ठरले होते, तरी अनेकांना झाली, आणि लिनक्स सुरू करताना एसबीएटी तपासणी फसल्याचा संदेश देऊन मशीन बंद होऊ लागले. उपाय होता: सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये शिरायचे, मोकयुटिल (mokutil) या आज्ञेने ती यादी पुसायची, लिनक्स अपडेट करायचे आणि सिक्युअर बूट परत सुरू करायचे. शिवाय सिक्युअर बूटच्या २०११च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६पासून संपत जाते आणि २०२३ची नवी त्यांची जागा घेतात. म्हणून दोन्ही सिस्टिम आणि फर्मवेअर अपडेट ठेवा. महिनोन्‌महिने एका सिस्टिमकडे ढुंकूनही न पाहणे ड्युअल बूटला मानवत नाही. लिनक्सचा तो पेनड्राइव्हही पुसू नका, दुरुस्तीला तोच लागतो.

घड्याळाचे दुखणे किरकोळ, पण हमखास. लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की वेळ चुकलेली दिसते, नेमकी तुमच्या प्रमाणवेळेत आणि यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) जितका फरक तितकी. मदरबोर्डचे घड्याळ विंडोज स्थानिक वेळ म्हणून वाचते, लिनक्स यूटीसी म्हणून. टाइमडेटसीटीएल (timedatectl) या आज्ञेने लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितले की एका ओळीत काम होते.

दोन्हीकडून लागणाऱ्या फाइल्ससाठी वेगळे एनटीएफएस पार्टिशन ठेवा. लिनक्स त्यात नीट लिहू शकते. सी ड्राइव्हमध्ये लिनक्समधून लिहायचे टाळाच. प्रोग्रामिंगचे प्रोजेक्ट मात्र त्या सामाईक पार्टिशनवर ठेवू नका, कारण लिनक्सच्या परवानग्या तिथे जशाच्या तशा टिकत नाहीत. फाइलच्या नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह असले तर विंडोजला ती उघडताही येत नाही.

उद्या लिनक्स काढायचे ठरले तर क्रम सांभाळा. आधी फर्मवेअरमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणा आणि ग्रबशिवाय विंडोज उघडते याची खात्री करा. मग डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचे पार्टिशन डिलीट करा. विंडोजला ते ओळखू येत नाही, म्हणून नावाऐवजी आकारावरून ओळखा. नंतर माउंटव्हॉल (mountvol) या विंडोजच्या आज्ञेने ईएफआय पार्टिशनला तात्पुरते अक्षर देऊन त्यातला उबुंटूचा फोल्डर काढा. शेजारच्या मायक्रोसॉफ्ट आणि बूट या फोल्डरना हात लावू नका. मोकळी जागा सीच्या लगेच उजवीकडे असते, कारण ती सीमधूनच कापलेली होती. त्यामुळे सीवर राइट क्लिक करून एक्स्टेंड व्हॉल्यूम केले की ती परत मिळते.